आपल्या वर्णाला कोणते रंग खुलतात, हे घरच्या घरी कसे ठरवावे

साडीच्या किंवा शर्टाच्या दुकानात रंग दाखवताना विक्रेता बहुधा एकच हमी देतो: "यात तुम्ही उजळ दिसाल." गिऱ्हाईकही मनात तोच प्रश्न घेऊन आलेले असते, आणि त्यामुळे रंगाची निवड सुरू होण्याआधीच भरकटते. कापड कोणाचाही वर्ण बदलत नाही. ते दोनच गोष्टी करते. त्याच्यावर पडलेला उजेड रंगीत होऊन हनुवटी, गळा आणि गालांच्या खालच्या भागावर परततो, ही पहिली. आणि ते त्वचेला लागून असल्यामुळे आपल्या डोळ्यांना त्वचेचाच रंग थोडा वेगळा भासू लागतो, ही दुसरी. या दोन्हींमुळे चेहरा एकसारखा आणि ताजा दिसतो किंवा थकलेला आणि मळकट दिसतो, मग मूळ वर्ण गोरा असो, गव्हाळ असो वा सावळा. सावळ्या माणसाने ठसठशीत रंग घालू नयेत ही समजूत मला सरळसरळ अन्यायाची वाटते. पंचवटीत काळारामाच्या मूर्तीसमोर उभे राहिले की काळ्या पाषाणावर पिवळे किंवा केशरी वस्त्र किती झळकते ते कोणालाही दिसते.

शेजारचा रंग डोळ्यांना कसा फसवतो याचा पद्धतशीर अभ्यास मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवर लावायची चित्रवस्त्रे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. विणकामातला काळा रंग फिका पडतो, अशा तक्रारी त्याच्याकडे येत असत. तपासणीत काळ्या रंगात काहीच दोष सापडला नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा कमकुवत भासत होता. हे निष्कर्ष त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चेहऱ्याच्या बाबतीतही हेच घडते. गळ्याजवळ तीव्र हिरवा रंग आला की त्वचेतला तांबूसपणा वाढल्यासारखा वाटतो, आणि तीव्र लाल आला की ती किंचित हिरवट, फिकी वाटू शकते. त्यामुळे सुटा रंग पाहून तो आपल्याला खुलेल की नाही हे सांगता येत नाही. कापड चेहऱ्याजवळ धरूनच पाहावे लागते, आणि पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी उजेड आणि चेहरा तयार करणे

चाचणी दिवसाच्या उजेडात, शक्यतो सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान करावी. उत्तरेकडच्या खिडकीत थेट ऊन फारसे येत नाही, म्हणून ती सर्वांत चांगली; ती नसेल तर कोणत्याही खिडकीपासून हात-दीड हात आत, थेट ऊन अंगावर येणार नाही अशा जागी, खिडकीकडे तोंड करून बसावे. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी नाशिकमध्ये जो सौम्य, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड मिळतो, तो या कामासाठी उत्तम आहे. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात मात्र समोरच्या इमारतीची रंगीत भिंतसुद्धा आपला रंग घरात पाठवते. बाल्कनीवर हिरवी शेडनेट लावलेली असेल तर ती बाजूला करावी, कारण तिच्यातून येणारा उजेड हिरवटच असतो आणि त्यात कोणाचाही चेहरा आजारी दिसतो. खोलीतले दिवे बंद ठेवावेत. पिवळ्या दिव्याचे रंगतापमान २७०० केल्विनच्या आसपास असते, पांढऱ्या ट्यूबलाइटचे ६५०० केल्विनपर्यंत जाते, आणि एकच कापड या दोन दिव्यांखाली दोन वेगळ्या रंगांचे वाटते.

चेहरा साध्या पाण्याने धुऊन पुसावा आणि पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे चोळल्याने आलेली लाली उतरते. पावडर, क्रीम, लिपस्टिक काहीही नको. हळद किंवा उटणे लावले असेल तर त्या दिवशी चाचणी करूच नये. केस रंगवलेले किंवा मेंदी लावलेले असतील तर ते पांढऱ्या टॉवेलने पूर्ण झाकावेत, आणि अंगातल्या कपड्यांचा रंग मध्ये येऊ नये म्हणून खांद्यांवर स्वच्छ पांढरा पंचा घ्यावा. रंगीत काचेचा किंवा ठळक फ्रेमचा चष्मा काढावा. जवळचे दिसत नसेल तर आरशावर अवलंबून न राहता सोबतच्या माणसाकडून पाहून घ्यावे.

उन्हाने रापलेल्या त्वचेचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. दुचाकीवरून रोज सातपूर-अंबडला जाणाऱ्या माणसाचे हात, मान आणि चेहरा यांच्या छटा एकमेकींशी जुळत नाहीत. उन्हामुळे त्वचेतले मेलॅनिन वाढते आणि तिचा गडदपणा बदलतो. तिचा मूळ कल, म्हणजे पिवळसर किंवा गुलाबी झाक, मात्र बहुतेक तसाच राहतो. म्हणून दंडाची आतली बाजू पाहून मूळ वर्णाचा अंदाज घ्यावा, पण कापडाची चाचणी चेहऱ्यावरच करावी, कारण कपडे आज जो चेहरा आहे त्याच्याबरोबरच घालायचे असतात.

चाचणीसाठी कापड

यासाठी महागडे काही लागत नाही. नाशिकच्या मेन रोडवर, शालिमारला किंवा सिडकोत कोणत्याही मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजच्या रुबिया कापडाचे शेकडो रंगांचे ठाण लावलेले असतात. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी जाऊन आठ-दहा रंगांचे छोटे तुकडे कापून मागावेत. कोणी पाव मीटर देतात, कोणी पूर्ण ब्लाऊजपीसच घ्यायला लावतात. रुबिया चांगले अशासाठी की ते सुती आणि बिनचमकीचे असते. रेशीम किंवा सॅटिन चकाकते आणि ती चकाकीच चेहऱ्यावर जास्त दिसते, त्यामुळे रंगाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. घरातल्या साड्या, ओढण्या, टॉवेल, उशांचे अभ्रे यांतूनही बरेच रंग जमतात, पण नक्षीचे कापड चाचणीसाठी निरुपयोगी.

रंग जोड्यांनी निवडावेत, आणि एका जोडीतले दोन्ही रंग गडदपणात व तीव्रतेत जवळपास सारखे असावेत. हा नियम पाळला नाही तर सगळी चाचणी वाया जाते. राणी रंगासमोर फिकट अबोली ठेवली आणि राणी उजवी ठरली, तर आपल्याला शीत रंग शोभतात की नुसते ठसठशीत रंग शोभतात, हे कळतच नाही. म्हणून गाजरीसमोर राणी ठेवावी आणि अबोलीसमोर फिकट गुलाबी. माझ्या मते पाच जोड्या पुरेशा आहेत: मोतिया आणि शुभ्र पांढरा, शेंदरी लाल आणि निळसर झाक असलेला डाळिंबी लाल, गाजरी आणि राणी, मेंदी हिरवा आणि बाटली हिरवा, चॉकलेटी आणि गडद राखाडी. प्रत्येक जोडीतला पहिला रंग उष्ण म्हणजे पिवळ्या-केशरी बाजूचा आहे, दुसरा शीत म्हणजे निळ्या बाजूचा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना हे उष्ण-शीत वर्गीकरण आठवत असेल. इथे त्यात एवढेच वाढवायचे की एकाच लालाचीही उष्ण आणि शीत अशी दोन रूपे असतात.

त्वचेचा कल ओळखणे

त्वचेचा रंग मुख्यतः तीन द्रव्यांनी ठरतो: तपकिरी-काळे आणि तांबूस-पिवळे अशा दोन प्रकारचे मेलॅनिन, त्वचेखालच्या रक्तातले हिमोग्लोबिन, आणि थोड्या प्रमाणात कॅरोटीन. यांच्या मिश्रणानुसार कोणाची त्वचा पिवळसर-सोनेरी म्हणजे उष्ण झाकेची असते, कोणाची गुलाबी किंवा निळसर म्हणजे शीत झाकेची, तर कोणाची दोन्हींच्या मधली. यालाच त्वचेचा कल किंवा अंडरटोन म्हणतात. गोऱ्या माणसाचा अंडरटोन उष्ण असू शकतो आणि अगदी काळ्यासावळ्या माणसाचा शीत असू शकतो. गडदपणाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या गव्हाळ वर्णात पुष्कळदा एक हिरवट झाक असते, आणि अशा लोकांना इंटरनेटवरची तयार उत्तरे नेमकी लागू पडत नाहीत.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर उष्ण आणि निळ्या दिसल्या तर शीत, ही चाचणी सर्वत्र सांगितली जाते. मी तिच्यावर विसंबायला सांगणार नाही. शिरेचा दिसणारा रंग त्वचेची जाडी, शिरेची खोली आणि मेलॅनिनचे प्रमाण यांवरही ठरतो, आणि सावळ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत. दागिन्यांची चाचणी त्यापेक्षा बरी. सराफ बाजाराच्या या गावात सोने आणि चांदी दोन्ही घरात सापडतात, तेव्हा एका हातात सोन्याची बांगडी आणि दुसऱ्यात चांदीचे कडे घालून दोन्ही हात पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवावेत. ज्या धातूजवळ त्वचा नितळ वाटते त्या बाजूला कल असण्याची शक्यता जास्त, पण हा अंदाजच समजावा. निर्णय कापडाने करावा.

जोडीतले पहिले कापड हनुवटीच्या अगदी खाली, दोन्ही खांद्यांवर पसरेल असे धरावे आणि पाच-सहा सेकंद पाहावे. मग ते झटकन काढून दुसरे धरावे. फार वेळ पाहत बसू नये, कारण डोळे रंगाला सरावतात आणि फरक पुसट होतो. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर पांढऱ्या पंच्याकडे पाहावे. रंग आवडतो का, हा प्रश्न या वेळी मनात आणायचा नाही. कापडाकडे न पाहता चेहऱ्याच्या ठरावीक जागा पाहायच्या. डोळ्यांखालची वर्तुळे पसरली की आखडली? नाकपुड्यांच्या बाजूला आणि खालच्या ओठाखाली सावली काळवंडली की विरली? जबड्याची कड स्पष्ट झाली की मानेत मिसळून गेली? ओठांचा स्वतःचा रंग टिकला की उतरला? आणि कापड धरल्याबरोबर नजर आधी डोळ्यांकडे गेली की कापडाकडे?

माझी मावशी चांगलीच सावळी आहे, आणि "आपल्याला आपले मातकट रंगच बरे" म्हणून तिने आयुष्यभर खाकी, बदामी आणि मळकट पिवळ्या साड्या नेसल्या. खिडकीशी बसवून तिच्या गळ्याशी मोहरीसारखा पिवळा धरला, तेव्हा वरच्या ओठावरची सावली हिरवट झाली आणि डोळ्यांखालचा काळसरपणा थेट गालाच्या हाडापर्यंत उतरल्यासारखा दिसला. तो काढून डाळिंबी धरला, तर तीच वर्तुळे पापणीच्या कडेपाशी आवरली गेली, ओठांचा जांभळट तपकिरी रंग स्वच्छ दिसू लागला आणि नाकातली चमकी एकदम लक्षात आली. तिचा वर्ण दोन्ही वेळी तेवढाच सावळा होता. फरक होता तो चेहऱ्यावरच्या सावल्यांमध्ये.

पाचपैकी चार जोड्या एकाच बाजूने गेल्या तर कल स्पष्ट आहे असे मानावे. निकाल तीन-दोन लागला, किंवा दोन्ही कापडांनी चेहऱ्यात फारसा फरक पडला नाही, तर वर्ण मधल्या कलाचा आहे. पुष्कळ मराठी माणसांचे असेच होते. अशांनी उष्ण-शीत या वादात अडकू नये. त्यांच्यासाठी पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे.

गडदपणा, विरोध आणि तीव्रता

त्याच खिडकीशी, केस मोकळे करून, फोनवर चेहऱ्याचा फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. आता रंग निघून गेले आणि उरला तो फक्त फिकट-गडद असा फरक. त्वचा, केस, भुवया आणि डोळे यांत मोठे अंतर दिसत असेल, जसे गोऱ्या चेहऱ्याभोवती काळेभोर केस, तर कपड्यांमध्येही ठळक विरोध पेलवतो: शुभ्र पांढऱ्यावर काळा, किंवा चिंतामणी निळ्याला लाल काठ. सगळे एकमेकांच्या जवळपास असेल, जसे गव्हाळ त्वचा, तपकिरी केस आणि घारे डोळे, तर तीव्र विरोधाच्या कपड्यांत चेहरा मागे पडतो, आणि एकाच रंगाच्या दोन-तीन छटांची संगती जास्त शोभते. सावळ्या चेहऱ्यात त्वचा आणि केस यांचे अंतर कमी असले तरी डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांच्यामुळे विरोध मोठा असतो. म्हणूनच त्यावर शुभ्र पांढरा, गुलबक्षी, गर्द निळा, केशरी हे रंग इतके उठून दिसतात.

मग हे कृष्णधवल तंत्र कापडालाही लावावे. जे कापड फोटोत आपल्या त्वचेइतकेच गडद दिसते आणि ज्याचा मूळ रंगही त्वचेच्या आसपासचा आहे, ते टाळावे, कारण चेहरा आणि कापड एकमेकांत विरघळतात. गव्हाळ वर्णावर बदामी, सावळ्या वर्णावर चॉकलेटी आणि फार गोऱ्या, गुलाबी वर्णावर फिकट गुलाबी कापडाने बहुधा हेच होते. रंग आवडीचाच असेल तर त्याची दोन पायऱ्या फिकी किंवा दोन पायऱ्या गडद छटा घ्यावी.

तीव्रता म्हणजे रंग किती निखळ आहे किंवा त्यात किती राखाडी मिसळली आहे. राणी आणि मळकट गुलाबी, पोपटी आणि शेवाळी, अशा एकाच कुळातल्या दोन तुकड्यांनी ती तपासता येते. निखळ रंगात कापड आधी दिसत असेल आणि चेहरा नंतर, तर राखाडी मिसळलेल्या छटा निवडाव्यात. मंद रंगात चेहरा झोपेतून उठल्यासारखा वाटत असेल तर निखळ रंगांकडे वळावे.

उष्ण कलाच्या लोकांना मोतिया, केशरी, विटकरी, मेंदी आणि चॉकलेटी बहुधा साथ देतात, तर शीत कलाच्या लोकांना शुभ्र पांढरा, डाळिंबी, राणी, जांभळा, बाटली हिरवा आणि राखाडी. मोरपंखी आणि वांगी हे रंग मात्र जवळपास सगळ्यांना जमतात, कारण त्यांत उष्ण आणि शीत दोन्हींचा अंश असतो आणि ते ना फार फिके ना फार काळे. पहिल्यांदाच कोणासाठी भेट म्हणून कपडा घ्यायचा असेल तर मी याच दोन रंगांपैकी एक सुचवीन.

पैठणी घेताना

नाशिकहून ८०-८५ किलोमीटरवर येवला आहे, आणि लग्नसराईत बस्त्यासाठी तिकडे जाणारी घरे पुष्कळ. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग निवडताना साध्या साडीपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते, कारण पुष्कळ पैठण्यांत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. घडी सपाट मांडीवर असताना जो रंग दिसतो तो खांद्यावर चुण्या पडल्यावर दिसत नाही. जांभळी वाटलेली साडी खांद्यावर लाल होते, हिरवी वाटलेली निळी. म्हणून ती उलगडून, पदराच्या नीट चुण्या घालून खांद्यावर घ्यायला लावावी, दाराजवळ उजेडात यावे, आणि आरशासमोर सावकाश डावीकडे-उजवीकडे वळून दोन्ही रंगांत आपला चेहरा पाहावा.

साडीत चेहऱ्याला सर्वांत जवळ काय येते, याचाही विचार करावा. अंगाचा रंग सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण हनुवटीखाली येतो तो ब्लाऊज आणि खांद्यावरून उतरणारा काठ. पैठणीचा रुंद नारळी काठ म्हणजे चेहऱ्याजवळ सोनेरी जरीचा मोठा पट्टाच. ज्यांना चांदी अधिक शोभते त्यांनी कमी रुंदीचा काठ घ्यावा, किंवा काठाच्या सोनेरीला तोल देणारा, आपल्या यादीतला शीत रंगाचा ब्लाऊज शिवावा. साडी आजीची असेल आणि तिचा रंग आपला नसेल, तरी योग्य ब्लाऊजने ती हमखास नेसण्याजोगी होते. पुरुषांच्या बाबतीत हीच जागा शर्टाच्या कॉलरची आणि लग्नात फेट्याची. फेटा कपाळाला लागून असतो, त्यामुळे कुर्ता कितीही विचारपूर्वक निवडला तरी फेट्याचा रंग आधी पाहावा.

दुकानात

दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, कारण वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे उजेडातले वेगवेगळे घटक परतवतात. मॅचिंग सेंटरमधले जुने, जाणते विक्रेते साडी आणि ब्लाऊजपीस घेऊन स्वतःच रस्त्यावर येतात ते याचसाठी. साडी असो वा शर्ट, आपणही तसेच करावे, आणि कोणी नको म्हणाले तर खरेदी पुढे ढकलावी. फोनवर फोटो काढून घरच्यांना विचारण्याची सवय मोडावी, कारण कॅमेरा पांढऱ्याचा समतोल स्वतःच बदलतो आणि कापडाबरोबर चेहऱ्याचाही रंग बदलून टाकतो. कृष्णधवल चाचणीला तो चालतो, रंगाच्या निर्णयाला चालत नाही. ऑनलाइन मागवलेला कपडा आल्याबरोबर खिडकीशी नेऊन आपल्या तुकड्यांशी ताडून पाहावा, म्हणजे परत करण्याची मुदत टळत नाही.

न खुलणारा रंग घालावाच लागला तर

नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग, संक्रांतीचा काळा, कारखान्याचा किंवा शाळेचा गणवेश, हे आपण निवडत नाही. अशा वेळी तो रंग चेहऱ्यापासून दूर न्यावा. सलवार, पँट किंवा स्कर्ट त्या रंगाचा असला तर चेहऱ्यावर काहीच परिणाम होत नाही. कुर्त्याचा गळा थोडा खोल असला की मध्ये स्वतःच्या त्वचेचा पट्टा येतो आणि परावर्तित रंग कमी पोहोचतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे आपल्या खुलणाऱ्या रंगाची ओढणी किंवा स्टोल गळ्याशी घेणे. काळा रंग ज्यांना ओढून टाकतो त्यांनी संक्रांतीला काळ्या साडीवर काळा ब्लाऊज न घालता लाल काठाची चंद्रकळा आणि काठाशी जुळणारा ब्लाऊज असा पर्याय घ्यावा. गणवेशाच्या शर्टाला मात्र फारसा इलाज नाही. वरचे बटण उघडे ठेवण्याची परवानगी असेल तर ते उघडे ठेवावे, एवढेच.

चाचणीत उत्तीर्ण झालेल्या कापडांचे दोन बोटे रुंद तुकडे कापून, एका कडेला शिवून पर्समध्ये किंवा पाकिटात ठेवावेत. उरलेले कापड कपाटात, उन्हापासून दूर ठेवावे, कारण विटलेल्या तुकड्याशी जुळवलेली खरेदी चुकते. केस पिकू लागले, रंगवणे सुरू केले किंवा बंद केले, तर चेहऱ्यातला विरोध बदलतो. त्वचेचा कल तोच असला तरी पूर्वी पेलणारा गडद काळा किंवा गर्द मरून तेव्हा जड वाटू शकतो. अशा वेळी पाचही जोड्या पुन्हा करण्याची गरज नाही. कृष्णधवल फोटो नव्याने काढावा आणि फक्त गडद कापडे खिडकीशी पुन्हा धरून पाहावीत.